मूल लहान आहे तोवर: दोन टप्प्यांच्या मधलं तुम्ही काय पाहिलंत?

उंबरसावली

मान धरली, पालथं पडलं, बसतं झालं, रांगलं, पहिलं पाऊल टाकलं. मुलांच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षाचे हे टप्पे आपल्याला तोंडपाठ असतात. त्यांच्या तारखा लिहून ठेवतो, फोटो काढतो, घरच्यांना फोन करून सांगतो. माझी लेक आता सव्वादोन वर्षांची आहे आणि अलीकडे मला सारखं वाटतं, की मूल या टप्प्यांवर फार थोडा वेळ असतं. त्याचे बहुतेक दिवस जातात दोन टप्प्यांच्या मध्ये. तिथे जे चाललेलं असतं त्याला नाव नसतं, म्हणून ते कुणी लिहीत नाही, आणि काही महिन्यांनी ते कसं होतं हे नीट आठवतही नाही.

एक उदाहरण देतो. नुकतं चालायला लागलेलं मूल तोल सांभाळायला दोन्ही हात वर उचलून चालतं. कोपरं वाकलेली, पंजे खांद्यांच्या वर, बोटं फाकलेली. जसा तोल येतो तसे हात खाली येतात, आधी छातीशी, मग कमरेशी, आणि शेवटी दोन्ही बाजूंना सैल. आमच्याकडे पहिल्या पावलाचा व्हिडिओ आहे. हात खाली येण्याचा एकही नाही. पण ते मी संध्याकाळी घरी आल्यावर रोज पाहत होतो, आणि हात हळूहळू उतरताहेत हे लक्षात आल्यावर तर मुद्दाम पाहायला लागलो. त्या वर्षातलं मला सगळ्यात स्वच्छ काय आठवत असेल, तर हे.

दुसरं टोपीचं. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या लांबीच्या जवळजवळ पाव असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा भाग. त्यात हात आखूड. त्यामुळे बाळाचे हात स्वतःच्या डोक्यावर पुरत नाहीत. टोपी काढायची असली की लेक हात कानांपर्यंत न्यायची, तिथे अडकायची, मग हनुवटी छातीला टेकवून डोकंच हातांकडे आणायची. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. आता हात सरळ वर जातो आणि टोपी खेचून काढतो. मधलं सगळं गेलं.

‘हे दिवस भरभरून जगा’ असं प्रत्येक जण सांगतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण नेमकं कुठे बघायचं ते कुणी सांगत नाही. माझा अनुभव असा, की आनंद घ्यायचा असं ठरवून काही होत नाही. एखादी बारीकशी गोष्ट रोज पाहत गेलं की आनंद आपोआप येतो आणि ती गोष्ट लक्षातही राहते.

तर तुमच्या मुलांचं, नातवंडांचं असं मधलं काय तुम्ही पाहिलंत? आणि ते धरून ठेवायला काही केलंत का? सविस्तर लिहा, वेळ घेऊन लिहा.

सोनटक्का

छान विषय. माझा मुलगा कॉलेजात आहे. मला आठवतं ते त्याचं उकिडवं बसणं. दीड-दोन वर्षांची मुलं टाचा जमिनीला टेकवून, पाठ ताठ ठेवून किती सहज बसतात, आणि तशी बसून किती वेळ एखाद्या मुंगीकडे बघतात! मला घरी पोचायची घाई असायची, पण त्या बसण्याकडे बघून मी थांबायचे. मुंगी भेगेत शिरली की तो मान वर करून माझ्याकडे बघायचा. मुंगी गेली हे मीही पाहिलंय ना, याची खात्री करून घ्यायचा, आणि मगच उठायचा.

आधी गुडघे सरळ, मग हात जमिनीवरून उचलायचे, मग पाठ वर. उठण्याचा तो क्रमसुद्धा डोळ्यांसमोर आहे.

दोघींची_आई

मूळ लेख आवडला, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय.

मला पाच महिन्यांच्या जुळ्या मुली आहेत. सध्या दिवस कधी संपतो आणि रात्र कधी सुरू होते कळत नाही. एक झोपली की दुसरी उठते. भेटायला येणारं प्रत्येक माणूस सांगतं, ‘हे दिवस परत येत नाहीत हं, मजा घे.’ हे ऐकलं की पोटात खड्डा पडतो. झोप नाही, अंग दुखतंय, केस विंचरायला वेळ नाही, आणि वर हे दिवस आपल्याला नीट जगताही येत नाहीत याचं ओझं. मला हे दिवस लवकर सरावेत असं वाटतं. असं वाटणाऱ्या आईचं मुलींवर प्रेम कमी आहे का? मला नाही वाटत.

तुमचा रोख असा नाही हे कळतंय मला, उंबरसावली. पण हा धागा माझ्यासारखी आणखी कुणी रात्री तीन वाजता वाचत असेल, तर तिच्यासाठी हे इथे लिहिलेलं असावं.

तळटीप

दोघींची_आई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. याला अभ्यासाचाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा प्रत्येक प्रसंग मांडायला लावला आणि त्या वेळी कसं वाटत होतं ते विचारलं. मुलांना सांभाळण्याचा क्रमांक त्या यादीत बराच खाली लागला, टीव्ही पाहणं आणि स्वयंपाक करणं यांच्याही खाली. त्याच स्त्रियांना मुलं ही आयुष्यातली मोठी आनंदाची गोष्ट वाटत नसेल असा याचा अर्थ मुळीच नाही. दोन्ही खरं असू शकतं. मूल आपल्याला सुख देतं, आणि त्याला सांभाळण्याची बरीचशी मिनिटं दमवणारी असतात.

आता मूळ विषयाकडे. मोठ्या माणसांना वयाच्या तिसऱ्या-साडेतिसऱ्या वर्षाआधीचं सहसा काही आठवत नाही, हे आपण ऐकलेलं असतं. पण म्हणून लहान मुलांना आठवणच नसते असं नाही. दोन-तीन वर्षांचं मूल गेल्या महिन्यातल्या गोष्टी सांगतं की! त्या आठवणी तयार होतात आणि नंतर पुसल्या जातात. पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलं तीन वर्षांची असताना आईशी झालेल्या त्यांच्या गप्पा नोंदवून ठेवल्या होत्या आणि पुढे वेगवेगळ्या वयांत त्यांना तेच प्रसंग विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मात्र जेमतेम ३५ टक्के.

असं का होतं, याचं एक स्पष्टीकरण टोरांटोच्या शीना जॉसलिन आणि पॉल फ्रँकलंड यांच्या गटाने २०१४ मध्येच मांडलं. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात लहान वयात नव्या पेशी फार वेगाने तयार होतात आणि जुन्या जोडण्या विस्कटतात. त्यांचे प्रयोग उंदरांवरचे होते, पण दिशा पटण्याजोगी आहे. ज्या वाढीमुळे मूल इतक्या झपाट्याने शिकतं, तीच वाढ त्याच्या आधीच्या आठवणी पुसत जाते.

म्हणजे उंबरसावली, तुमच्या लेकीची टोपी काढायची ती रीत तिला स्वतःला कधीच आठवणार नाही. ती फक्त तुमच्यापाशी आहे. मला यात दुःखापेक्षा जबाबदारी जास्त दिसते. तिच्या आयुष्यातली पहिली तीन वर्षं तिच्या वतीने तुम्ही सांभाळताय.

उंबरसावली

दोघींची_आई, तुमचा प्रतिसाद या धाग्यात हवाच होता. दमलेल्या माणसाने आणखी एक काम अंगावर घ्यावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. उलट रोज एकच गोष्ट, तीही जमली तर, नाहीतर राहू दे.

तळटीप, ‘तिच्या वतीने’ हे मनाला लागलं. असा विचार मी केला नव्हता.

आजोबा_वाचक

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. दोन मुलं वाढवली, आता नात तीन वर्षांची आहे.

आमच्या वेळी कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये ३६ फोटो निघत. एक रोल कित्येक महिने पुरवायचा. म्हणून फोटो काढताना मूल नीट बसलेलं, कपडे स्वच्छ, केस विंचरलेले, असंच पाहिलं जायचं. मोठ्या मुलाच्या अशा एका फोटोत तो खुर्चीत शहाण्यासारखा बसलाय. त्या फोटोत नाही ते मला आठवतं: मी खुर्चीमागे खाली बसून त्याला पाठीमागून धरलं होतं आणि त्याची टाच माझ्या मनगटावर सारखी आपटत होती. टाच अजून मऊ होती. चालायला लागला नव्हता ना! चालायला लागलं की तळवे आणि टाचा हळूहळू राठ होतात. मुलांच्या बाबतीत ते मी नंतर कधी पाहिलंच नाही. नातीच्या वेळी पाहिलं, कारण आता मला वेळ आहे. रोज तेल लावताना तिची टाच माझ्या तळहातात असायची.

आईबापांना एक सांगतो. आमच्यासारख्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, तुम्ही बाळाचं काय काय पाहिलंत. तुम्ही कामात असता तेव्हा आम्ही तासन् तास तेच करत असतो, फक्त आम्हाला कुणी विचारत नाही. विचारलंत तर आम्ही सांगू आणि आम्हाला बरंही वाटेल.

मृद्गंध

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून दोन शब्द.

आई-बाबा तपासणीला येतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘शेजारचं बाळ रांगतंय, आमचं का नाही?’ टप्प्यांच्या या शर्यतीमुळे मधले दिवस बघायचे राहून जातात हे मी रोज बघते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये जे निष्कर्ष दिले, ते प्रत्येक घरात माहीत असायला हवेत. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. स्वतंत्र चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे नऊ महिन्यांना चालणारं आणि सतरा महिन्यांना चालणारं, दोन्ही मुलं निरोगी. आणि शंभरात चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, ती थेट उभी राहिली.

मधलं काय पाहावं असं विचारलंत, तर मी टाळू सांगेन. जन्मतः डोक्याच्या पुढच्या भागात हाडांच्या मध्ये ती मऊ जागा असते. साधारण दीड वर्षापर्यंत भरते, काहींची आधी, काहींची जरा नंतर. बाळ मांडीवर शांत झोपलेलं असताना उजेड बाजूने येत असेल तर तिथली कातडी नाडीबरोबर बारीक वरखाली होताना दिसते. आई-वडील घाबरून विचारतात, तेव्हा मी सांगते की हे नैसर्गिक आहे, घाबरू नका, निवांत बघा. (टाळू खूप खोल गेलेली किंवा बाळ शांत असतानाही फुगलेली दिसली, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.)

दोघींची_आई, तुमच्यासाठी वेगळं. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं फार जणींना होतं आणि ते सहसा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, बाळ झोपलेलं असूनही आपल्याला झोप लागत नसेल, तर ते नुसतं दमणं समजू नका. डॉक्टरांशी बोला. प्रसूतीनंतरचं नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि ते बरं होतं. तुम्हाला तसं आहे असं मी म्हणत नाही. पण विचारायला कुणी घरात नसेल तर मी विचारते: तुम्ही कशा आहात?

दोघींची_आई

मृद्गंधताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाळांबद्दल सगळे विचारतात. मी ठीक आहे, बऱ्यापैकी. बाळं झोपली की मलाही लगेच झोप लागते, त्याची अडचण नाही. पण पुढच्या तपासणीत माझ्याबद्दलही बोलेन, हे नक्की.

रात्रपाळी

मी कामासाठी घरापासून लांब असतो. दीड-दोन महिन्यांनी चार दिवस घरी. मुलगा अकरा महिन्यांचा. प्रत्येक वेळी गेलो की वेगळंच मूल समोर येतं. मागच्या खेपेला तो मला बघून रडला आणि आईच्या खांद्यात तोंड लपवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आला. ते मधले दीड दिवस फार जड गेले.

तुम्ही सगळे ‘रोज पाहा’ म्हणता. मला रोज पाहता येत नाही. माझ्यासारख्याने काय करायचं?

मृद्गंध

रात्रपाळी, त्याच्या रडण्याने मन खट्टू करून घेऊ नका. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास मुलांना ओळखीचं आणि अनोळखी यांतला फरक फार तीव्रपणे कळायला लागतो आणि परक्यांची भीती वाटते. नेमक्या त्याच काळात तुम्ही जाऊन-येऊन आहात. घरी गेल्यावर लगेच उचलून घेऊ नका. त्याच्या आईच्या शेजारी जमिनीवर बसा, बोलत राहा, हातात एखादं खेळणं ठेवा. तो स्वतः सरकत येईल. आणि तो कसा येतो हेच तुमच्या वाट्याचं मधलं आहे. दूरवरून बघणार, नजर चोरणार, आईला एक हात लावून दुसरा तुमच्याकडे पुढे करणार. रोज घरी असणाऱ्या बापाला हे बघायला मिळत नाही.

अनवट_वाट

खूप वेळ लिहू की नको असं चाललं होतं. लिहिते.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याच्या स्नायूंमध्ये ताकद कमी आहे. आधाराशिवाय चालायला तो चौथ्या वर्षी लागला. मृद्गंध यांनी दिलेल्या महिन्यांच्या चौकटीत आमचं काहीच बसत नाही. ‘मुलं किती पटकन मोठी होतात’ हे वाक्य मी कधी म्हणू शकले नाही. आमच्याकडे काहीच पटकन झालं नाही.

पण मूळ लेख वाचताना वाटलं, की यातलं मला कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. धरून उभं राहणं आणि सोडून उभं राहणं, लोकांच्या नोंदीत या दोन ओळी असतात. आमच्याकडे त्यांच्या मध्ये सव्वा वर्ष होतं. आधी तो पलंगाच्या कडेला पोट टेकवून उभा राहायचा. सगळं वजन पोटावर. मग पोट थोडं सुटलं आणि वजन कोपरांवर आलं. मग तळव्यांवर. मग एक दिवस खेळणं उचलायला त्याने उजवा हात सोडला आणि आपण हात सोडलाय हे त्याच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आल्यावर घाईघाईने परत धरलं. नंतर कित्येक दिवस तो उजवाच सोडायचा, डावा नाही. मग डावा. मग दोन्ही तळवे पलंगाला लागलेले, पण बोटं उचललेली. बोटं उचललेली मी पाहिली तेव्हा त्याचे व्यायाम घेणाऱ्या ताईंना फोन केला आणि मला बोलताच येईना. त्यांना वाटलं काही वाईट झालं.

इतर मुलं हे सगळं एखाद-दोन आठवड्यांत करून मोकळी होतात. आई स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत तिचं मूल तिथून पुढे गेलेलं असतं. मला प्रत्येक पायरी पूर्ण बघायला मिळाली. मी याला नशीब म्हणत नाही. त्याला जे कष्ट पडले ते कुणालाच पडू नयेत. पण जे पाहिलं ते मी पाहिलं, आणि ते फार सुंदर होतं. त्याबद्दल कुणी कीव केलेली मला आवडत नाही.

सोनटक्का

अनवट_वाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बोटं उचललेली. कितीतरी दिवस विसरणार नाही.

उंबरसावली

अनवट_वाट, मी दोन उदाहरणं देऊन विषय मांडला असं मला वाटत होतं. विषय तुम्ही मांडलात. तुमच्या मुलाला माझा आणि माझ्या लेकीचा खूप खूप नमस्कार.

तळटीप

अनवट_वाट यांनी लिहिल्यानंतर आकडे देणं जिवावर येतंय, पण एक अभ्यास त्यांच्याच म्हणण्याच्या बाजूचा आहे म्हणून देतो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कॅरन अडॉल्फ यांनी २०१२ मध्ये १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं मोकळं खेळणं मोजलं. तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! आणि ही मुलं सरळ रेषेत जात नाहीत. थोडं चालतात, थांबतात, वळतात, परत निघतात. ‘पहिलं पाऊल’ आपण एक धरतो. त्याच्या मागेपुढे अशी हजारो पावलं असतात.

फोटोंबद्दलही एक सांगायचं राहिलं. लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात एक प्रयोग केला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्यांचे तपशील नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिले. पण वस्तूच्या एखाद्याच भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला, तर आठवण घटली नाही. माझा तर्क असा, की एक भाग निवडायचा तर आधी नीट बघावं लागतं. म्हणून मुलांचे फोटो काढूच नका असं नाही. सगळं मूल सगळ्या खोलीसकट टिपण्यापेक्षा त्याचा एक हात टिपा, आणि फोन खाली ठेवा.

अनवट_वाट

व्हिडिओ आम्हाला व्यायामाच्या ताईंनी काढायला सांगितले होते, म्हणून ढीगभर आहेत. पण मी पुन्हा पुन्हा बघते ते वहीतलं. रोज रात्री एक ओळ लिहायचे. ‘आज उजवा हात मोजून तीनपर्यंत.’ बस. वाक्य पूर्ण करायचाही ताण घ्यायचा नाही.

आजोबा_वाचक

वहीवरून आठवलं. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या पहिल्या मुलाच्या अशाच नोंदी ठेवल्या होत्या. मुलगा १८३९ च्या डिसेंबरातला. त्या नोंदींवरचा लेख त्यांनी छापला १८७७ मध्ये! मुलगा तोवर ३७ वर्षांचा झाला होता. सातव्या दिवशी तळव्याला कागदाचा तुकडा लावला तर बाळाने पाय झटकन मागे घेतला आणि बोटं आवळली, असं त्यात आहे. साडेचार महिन्यांचा असताना आरशातल्या वडिलांकडे बघून हसत होता, आणि आवाज मात्र पाठीमागून आला म्हणून चकित झाला, हेही आहे. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण ही नोंद वाचताना मला तो बाळाला घेऊन आरशासमोर उभा असलेला बापच दिसतो.

रात्रपाळी

मृद्गंध ताईंनी सांगितल्यावर मी एक बदल केला. घरी फोन केला की आधी विचारायचो, ‘आज काय नवीन केलं?’ बायको म्हणायची, ‘काही नाही.’ खरंच नवीन काही नसायचं. काल विचारलं, ‘आता या क्षणी तो काय करतोय?’ ती दहा मिनिटं बोलत होती. डब्याचं झाकण घेऊन तिला देतो, तिने घेतलं की हात पुढे करून परत मागतो, परत देतो. देताना झाकण पटकन सुटत नाही, बोटं एकेक करून उघडावी लागतात, शेवटी करंगळी. हे सगळं तिने सांगितलं, मी ऐकलं. पुढच्या खेपेला झाकणाचा खेळ माझ्याशीही खेळेल का ते बघायचंय.

सोनटक्का

नक्की खेळेल. आणि हे त्याला मोठेपणी सांगा. माझा मुलगा अजून विचारतो, ‘मी मुंगी बघायचो ते सांग ना.’

दोघींची_आई

तळटीप, एक प्रश्न. आपण मुलांना त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सारख्या सांगितल्या, तर त्यांना त्या आठवायला लागतात का? की आपण सांगतो म्हणून त्यांना आठवल्यासारखं वाटतं?

तळटीप

दोन्ही होतं.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं, की लहान मुलांशी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल ज्या आया तपशिलाने, प्रश्न विचारत बोलायच्या, त्यांच्या मुलांना किशोरवयात आणखी लहान वयातल्या आठवणी सांगता आल्या. तेव्हा मूल बोलायला लागलं की ‘काल आपण कुठे गेलो होतो? तिथे कोण होतं? मग काय झालं?’ हे रोज विचारणं चांगलंच. उत्तर चुकलं तरी हरकत नाही.

दुसरी बाजू मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांची. मुलांच्या विचारांचा इतका अभ्यास केलेल्या या माणसाला आपण दोन वर्षांचे असताना कुणीतरी आपल्याला पळवायचा प्रयत्न केला, सांभाळायला ठेवलेल्या आयाने झटापट करून वाचवलं, हे अगदी स्पष्ट आठवायचं. आयाच्या तोंडावरचे ओरखडेसुद्धा. पियाजे पंधराच्या आसपास असताना त्या आयाने पत्र लिहून कळवलं, की ती हकीकत तिने रचलेली होती. सांगण्याची ताकद एवढी असते.

म्हणून सांगा, पण पाहिलं तेवढंच सांगा. नटवू नका.

दोघींची_आई

कळलं. मग आज पाहिलं तेवढंच लिहिते. थोरलीला आजपासून स्वतःचे पाय सापडलेत. धाकटी अजून हातांकडेच बघते, मूठ डोळ्यांजवळ आणून, हळू फिरवत. आणि दोघी शेजारी झोपलेल्या असताना थोरलीने पाय म्हणून धरला तो धाकटीचा होता.

वही नाही घेतलेली अजून. तूर्तास हा धागाच वही.

अनवट_वाट

पुढे तारखेऐवजी वय लिहा, महिने आणि दिवस. नंतर दोघींचं शेजारी ठेवून वाचायला सोपं जातं. आणि कुठली कोण ते प्रत्येक वेळी लिहा, आज लक्षात आहे म्हणून सोडू नका.